लाकडावरची कानस

पालीताणा
३ सप्टेंबर २०२५

ताई,

आणि ‘चिरंजीव’ कशाला? नाव नाही का मला? बारशाला दत्तप्रसाद ठेवलंत ना? तीनशे पानांच्या पुस्तकात तबलजीच्या मेव्हण्याचं नाव आहे, कंपनीच्या टेम्पोवाल्याचं नाव आहे, आणि पान दोनशे चौदावर मी नुसता ‘आमचे चिरंजीव’. परवा फोनवर मी हेच विचारायला लागलो तर तू म्हणालीस, “ठेवते, अण्णा आले.” तीन वर्षं तुझं हेच चाललंय. अण्णा आले. अण्णा बाजूलाच आहेत. अण्णांचा डोळा लागलाय. म्हणून आता कागदावर लिहितो आणि तुझ्या पतसंस्थेच्या पत्त्यावर पाठवतो. अण्णा तिथे काही येत नाहीत.

तू मोबाइलवर पुस्तकाची पानं पाठवलीस आणि खाली लिहिलंस, ‘वाच, तुझ्या लहानपणचंही आहे.’ मी आधी शेवटाकडची पानं उघडली. मी हळू वाचतो, तुला माहीत आहे. ही ओळ मात्र मी तीनदा वाचली, आता पाठ आहे. “‘संगीत रत्नपारखी’च्या शुभारंभी ऑर्गनचे वरचे सूर आमच्या चिरंजीवांनी बिघडवून ठेवले होते. त्या प्रयोगाचे अपयश मी माझ्या संगीताचे मानत नाही.”

झालं. पंच्याहत्तर वर्षांचा हिशेब चुकता. चौदा डिसेंबरला अण्णांचा अमृतमहोत्सव, शाल, पगडी, भाषणं, आत्मचरित्राचं प्रकाशन, आणि त्या पुस्तकात अख्ख्या पुण्याने कायम वाचायचं की श्रीनिवास मास्तरांनी आयुष्यात एकच नाटक पाडलं, तेही त्यांनी नाही, पोराने.

ही ओळ टाइप कुणी केली गं? अण्णा बोलतात, तू लिहितेस. चाली तूच लिहून घेतल्यास, बंदिशी तूच लिहून घेतल्यास, हेही तूच. तुझा हात थांबला नाही?

तू त्या दिवशी तालमीला नव्हतीस, तुला पतसंस्थेत ऑडिटचं काम होतं. म्हणून सांगतो. नोव्हेंबर दोन हजार बावीस. सकाळी मी ऑर्गन लावून ठेवला होता. दोन दिवस बसलो होतो त्याच्यावर. खालपासून वरपर्यंत एक-एक रीड काढून, पुसून, तंबोऱ्याशी जुळवून. राजनंदिनीताई गाऊन बघत होत्या, वरच्या षड्जावर गेल्या आणि माझ्याकडे बघून मान हलवली. म्हणजे बरोबर. मग अण्णा आले. ऑर्गन डाव्या हाताला ठेवून खुर्चीवर बसले आणि दुसऱ्या मिनिटाला म्हणाले, “वरचं सगळं चढलंय.”

मी म्हणालो, “अण्णा, तंबोऱ्याशी लावलाय.”

“तंबोरा कानाने लावलास, की कानाच्या जागी बटाटा आहे त्याने?”

सगळे हसले. मी म्हणालो, बरोबर आहे अण्णा, परत ऐका. तर म्हणाले, “नववी नापासाने आता मला षड्ज शिकवायचा.” पुन्हा सगळे हसले. तबलजी जरा जास्तच हसला. त्याचा मेव्हणा पुस्तकात आहे.

मी कानस घेतली. रीड म्हणजे पितळेची जीभ. टोकाला घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. वरच्या बारा रीड्स मी बुडाशी घासल्या. अण्णा म्हणत होते, “अजून. अजून किंचित.” मी घासत होतो. शेवटी म्हणाले, “बस्स. आता जिवंत झाला.”

दुसऱ्या दिवशी प्रयोगात काय झालं ते तुला माहीत आहे. दुसऱ्या अंकातलं पद, राजनंदिनीताई वर गेल्या, आणि वर गेल्यावर त्यांच्या पायाखाली ऑर्गन नव्हताच. तो खाली कुठेतरी राहिला होता. त्या खाली आल्या तर तबला सुटला. बाल्कनीतून एक म्हातारा ओरडला, “वन्समोर! पण ह्या वेळी सगळे एकाच गावाला जा!” नाट्यगृह हसलं. त्या विंगेत जाऊन भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. आणि पडदा पडल्यावर अण्णा स्वतः पुढे येऊन म्हणाले, “ऑर्गन आमच्या चिरंजीवांनी लावला होता. क्षमस्व.”

म्हणजे तो शब्द तेव्हापासूनचा आहे.

मी सांगितलं तसं केलं. कारागीर दुसरं काय करणार? त्यानंतर दोन महिने पुण्यात मला कुणी साधी भजनी मंडळाची पेटीसुद्धा लावायला दिली नाही. शाळेच्या गॅदरिंगची पेटी न्यायला गेलो तर बाई म्हणाल्या, “तुम्हीच ना ते रत्नपारखीवाले?” म्हणून मी इथे आलो, रीड्सच्या कारखान्यात. इथे पितळेचा धूर आहे, मराठी कुणाला येत नाही, पण निदान मला चिरंजीव कुणी म्हणत नाही.

ती ओळ काढ. काढायला सांग. तू अण्णांना सांगू शकत नसशील तर सत्कार समितीला सांग.

दत्तू

*

पालीताणा
२१ सप्टेंबर २०२५

ताई,

पुस्तक छापायला गेलं, आता ओळ निघत नाही, हे तुझं उत्तर मिळालं. समितीचे लोक म्हणतात फार तर शुद्धिपत्र घालू. म्हणजे ती चिठ्ठी, जी लोक बुकमार्क म्हणून वापरतात. सहाशे चिठ्ठ्या छापायच्या, प्रत्येक प्रतीत चिकटवायच्या, साडेतीन हजार खर्च, आणि तो समिती देणार नाही कारण “हा कौटुंबिक विषय आहे.” पुस्तकात छापताना सार्वजनिक, दुरुस्त करताना कौटुंबिक. वा.

चालेल. पैसे मी देतो. इथे रविवारी जादा काम मिळतं. मजकूर लिहून ठेव: ‘पान २१४, ओळ ९. बिघडवून ठेवले होते याऐवजी, संगीतकारांच्या आज्ञेवरून उतरवले होते, असे वाचावे.’ आज्ञेवरून हा शब्द राहिला पाहिजे.

बाकीचं पुस्तक वाचलं. सगळं. रोज जेवणाच्या सुट्टीत पाच-सहा पानं. खोटं कशाला बोलू, काही पानं मी परत मागे जाऊन वाचली. एकोणिसाव्या वर्षी नाटक कंपनीबरोबर ऑर्गन वाजवत गावोगाव. मग सगळं सोडून सात वर्षं बुवांकडे ख्याल. मग परत नाटकात, पण आता स्वतःच्या चाली घेऊन. मग ते प्रायोगिकवाले, ज्यांच्या नाटकात अण्णांनी एकही वाद्य घेतलं नाही, तीन बायका तीन प्रकारच्या केरसुण्यांनी झाडतात एवढंच संगीत ठेवलं, आणि लोक रडले. आणि मग एकशे चाळीस बंदिशी. एका माणसाने हे सगळं करावं! आणि पुण्याने काय केलं, तर गवयांनी म्हणायचं “नाटकवाले”, नाटकवाल्यांनी म्हणायचं “बुवा”. सगळ्यांनी मान दिला आणि पंगतीत कुणीच बसवलं नाही. मला हे माहीतच नव्हतं. घरी ते हे कधी बोलले नाहीत. घरी ते फक्त माझा पाढा चुकला की बोलायचे.

पण पुस्तकात काय नाही ते मी सांगतो. ‘भोपळ्याची कोर्टकचेरी’ हे मुलांचं नाटक. त्याचं संगीत डब्यांवर होतं, पितळेचे, स्टीलचे, ॲल्युमिनियमचे, सव्वीस डबे. अण्णा लिहितात, ‘स्वयंपाकघरातील भांड्यांतून मी एक सप्तक शोधून काढले.’ कुठल्या स्वयंपाकघरातून? आपल्याच. आई महिनाभर डाळ-तांदूळ प्लॅस्टिकच्या पिशव्यांत ठेवत होती, आणि बिबवेवाडीतल्या त्या दोन खोल्यांत मुंग्या झाल्या. आणि ‘नि’ लागत नव्हता, तेव्हा तो आईने शोधला. पोह्यांच्या डब्यात चार मुठी पोहे राहू देत म्हणाली, आणि लागला. कौशल्या हे नाव त्या प्रकरणात एकदाही नाही. तुम्ही शुद्धिपत्र छापायला बसलात तर सहाशे चिठ्ठ्या पुरणार नाहीत.

माझं लहानपण मात्र आहे, तू म्हणालीस तसं. दीड ओळ. ‘मुलाचे शिक्षणात लक्ष नव्हते; त्याला मी विश्रांतवाडीस श्री. संपत यांच्याकडे पेटीदुरुस्ती शिकण्यास ठेवले.’ ठेवले! सायकल ठेवतात तसं. नववीचा निकाल बघून अण्णा मला काय म्हणाले ते तरी लिहायचं होतं. म्हणाले, “समेवर चुकलास तर सम परत येते. वर्ष परत येत नाही.” हे मला तेव्हा लागलं होतं. आता वाटतं, चांगलं होतं, पुस्तकात हवं होतं.

हो, आणि तू विचारलंस, वरच्या बारा रीड्स नव्या करून देशील का, चौदा तारखेला हाच ऑर्गन वाजणार आहे. कमाल आहे तुमची! बिघडवणारा मीच, आणि दुरुस्त करणाराही मीच? पुण्यात कारागीर संपले का?

माप पाठव. लांबी, रुंदी, खाचेची खोली. संपतकाकांना सांग, तेच काढतील, तुला जमणार नाही.

दत्तू

*

पालीताणा
१२ ऑक्टोबर २०२५

ताई,

संपतकाकांना म्हणावं, माझ्या भानगडीत पडू नका.

मापं मिळाली. नीट आहेत, त्यांचं काम नेहमी नीटच. पण मापांच्या कागदाखाली तू जे लिहिलंस, “काका एवढंच म्हणाले, की दत्तूने खोटं का नाही घासलं?”, त्याचा अर्थ काय? तुला तरी त्याचा अर्थ माहीत आहे का? का नुसतं ऐकलं आणि लिहिलं?

त्यांनी मला शिकवलं ते खरं आहे. जेवू घातलं तेही खरं. विमलाकाकूंच्या हातची ज्वारीची भाकरी मी सहा वर्षं खाल्ली. पण तालमीत ते नव्हते. बटाटा मला म्हटलं, त्यांना नाही. तिथे हसले ते मला. आता घरात बसून ‘का नाही घासलं’ विचारणं सोपं आहे.

जाऊ दे.

रीड्स चालू आहेत. मी इथल्या तयार रीड्स घेतलेल्या नाहीत. त्या पेटीच्या असतात, ऑर्गनला बसत नाहीत, आवाज पत्र्यासारखा येतो. पितळ निवडून कापून घेतलं. शेठ म्हणाला, बारा नगांसाठी एवढी मेहनत, कुठल्या महाराजाचा ऑर्गन आहे? मी म्हणालो, महाराजच आहेत.

इथे एक वालजीभाई आहेत, सत्तरीचे. सगळ्या कारखान्यात सुराचा शेवटचा शब्द त्यांचा. सुरात लावायला बसले की आधी मेणाची गोळी करून डाव्या कानात घालतात. मला वाटायचं आवाजाचा त्रास होत असेल. परवा विचारलं. म्हणाले, दहा वर्षांपूर्वी डावा कान ‘झूठा’ झाला. ऐकू येतं, पण वरचे सूर आहेत त्यापेक्षा चढे ऐकू येतात. दोन कान दोन गोष्टी सांगतात, मग माणूस वेडा होतो. डॉक्टरने सांगितलं, असं होतं काही लोकांना, वयाने. तेव्हापासून खोटा कान बंद करून खऱ्या कानाने काम करतात. आणि काम असं करतात, की काय सांगू.

मी नुसतंच सांगितलं. त्यातून काही सुचवायचं नाही.

अण्णांनी कुकर बदलला हे वाचून मी आधी इतका हसलो की शेजारचा कारागीर बघायला लागला. “शिट्टी चढी लागते” म्हणून कुकर बदलणारा माणूस जगात एकच. नवा आणला तरी त्याचीही शिट्टी चढीच. मग हसू गेलं. ताई, टीव्हीसमोर ते कुठली बाजू पुढे करून बसतात? फोन कुठल्या कानाला लावतात? नीट बघून कळव. त्यांना विचारू नको, नुसतं बघ.

जादा कामाचे बावीसशे जमलेत.

दत्तू

*

पालीताणा
९ नोव्हेंबर २०२५

ताई,

म्हणजे तुला माहीत होतं.

उजवी बाजू पुढे करून बसतात, फोन उजव्या कानाला, आणि हे दोन-तीन वर्षांपासून, आणि तू एकदा डॉक्टरचं नाव काढलंस तर म्हणाले, “कान बहिऱ्यांनी तपासायचे.” हे सगळं तुला माहीत होतं आणि तरी तू पान दोनशे चौदा टाइप केलंस. मी तीन दिवस तुला पत्र लिहिलं नाही. लिहिलं असतं तर फाडावं लागलं असतं.

आणि आता ही तुमची युक्ती. तुझी, संपतकाकांची आणि समितीची मिळून. मी पाठवलेल्या रीड्स काका बसवणार. अण्णा ऐकणार आणि म्हणणार, चढलंय. मग काका त्यांच्यासमोर एक-एक रीड काढणार आणि खोटं घासणार. अण्णा म्हणणार, वा, आता जिवंत झाला. राजनंदिनीताई गाणार, टाळ्या, पगडी, सगळे आपापल्या घरी.

खोटं घासणं म्हणजे काय ते आता तुला काकांनी दाखवलंच आहे, पण मला लिहू दे. मोठा कलाकार म्हणतो सूर चुकलाय, आणि कारागिराला दिसत असतं की सूर बरोबर आहे. अशा वेळी वाद घालायचा नाही. रीड काढायची, पाठ फिरवून वाकायचं, आणि कानस रीडवर न चालवता बाजूच्या लाकडावर चालवायची. चार वेळा खर्र-खर्र. फुंकर मारायची. रीड परत बसवायची. “बघा आता, साहेब.” आणि साहेब बघतात आणि म्हणतात, हां! आता कसं! काकांनी मला पहिल्या वर्षीच हे शिकवलं. म्हणाले, “पितळ एकदा गेलं की येत नाही, दत्तू. लाकूड घास, पितळ राख.” पुण्यातल्या कितीतरी मोठ्या माणसांसमोर आम्ही लाकूड घासलंय आणि चहा घेऊन आलोय. कुणाचा अपमान नाही, कुणाची पेटी बिघडत नाही.

आता काकांच्या प्रश्नाचं उत्तर. मला हे येत होतं. त्या दिवशी कानस हातात घेतली तेव्हा पहिलं हेच डोक्यात आलं. लाकूड दोन बोटांवर होतं. मी लाकूड घासलं नाही. मी पितळ घासलं. अण्णा म्हणाले अजून, तर मी अजून. ते जेवढं म्हणाले त्यापेक्षा एक कणही कमी नाही. मनात म्हणालो, घ्या. नववी नापासाने तुम्ही सांगितलं तस्संच केलंय. आता उद्या वाजवा.

राजनंदिनीताई तिथे गाणार आहेत हे मला माहीत होतं. त्यांचं नुकसान होईल हेही माहीत होतं. त्यांनी मला काही केलं नव्हतं.

हे मी तीन वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही. पहिल्या पत्रात मी लिहिलं, कारागीर सांगितलं तसंच करतो. खोटं आहे ते. कारागीर असं करत नाही. रागावलेला पोरगा करतो.

तर आता तू म्हणशील, मग ओळ बरोबरच आहे. असेल. पण म्हणून तुमची युक्ती बरोबर होत नाही. तू लिहितेस, गाण्याच्या क्लासमधली मुलं हल्ली अण्णा म्हणतील तिथे “हो अण्णा” म्हणतात आणि मग आपल्या सुरात गातात. साथीदार “हो अण्णा” म्हणतात. समिती “हो अण्णा” म्हणते. राजनंदिनीताईंनी तुला वाघोलीला घरी बोलावून सांगितलं, “त्या सकाळी ऑर्गन बरोबर होता, मला माहीत होतं, मी बोलले नाही.” म्हणजे सगळ्यांना माहीत होतं! त्या खोलीत अकरा माणसं होती, त्यातल्या निदान चौघांना कान होते! आणि मी एकटा चिरंजीव?

तीन वर्षं अख्खं पुणं अण्णांसमोर लाकूड घासतंय. आणि आता चौदा तारखेला पगडी घालून सहाशे लोकांसमोर घासणार. ज्या माणसाने तीन केरसुण्यांचे तीन सूर वेगळे ऐकले, त्याला तुम्ही लाकूड वाजवून गप्प बसवणार, आणि ह्याला गौरव म्हणणार. मी निदान पितळ तरी घासलं!

नाही. ह्या रीड्सवर मी खोटी कानस चालवू देणार नाही. काकांना सांग, मी पाया पडतो म्हणावं, पण नाही.

राजनंदिनीताईंनी गायला होकार दिला, “ऑर्गन दत्तूने लावलेला असेल तर,” हे मी चार वेळा वाचलं. त्यांना सांग. मी त्यांना वेगळं लिहीन.

रीड्सचा डबा आणि एक पाकीट पुढच्या कुरियरने येईल. पाकीट अण्णांचं आहे. तू उघडायचं नाहीस, वाचून दाखवायचं नाहीस, “अण्णा झोपलेत” म्हणायचं नाहीस. त्यांच्या हातात द्यायचं आणि खोलीतच थांबायचं. तुझी गरज लागेल.

दत्तू

*

पालीताणा
२३ नोव्हेंबर २०२५

अण्णा,

दत्तप्रसादचा नमस्कार.

तुम्ही हे पत्र ठेवून द्याल म्हणून महत्त्वाचं आधी लिहितो. डब्यात बारा रीड्स आहेत. कापडात वेगवेगळ्या गुंडाळल्यात. त्यातली लाल दोरा बांधलेली काढा. तुमचा वरचा षड्ज. ताई तिथेच उभी आहे. तिला ती ओठाशी धरून फुंकायला सांगा. हळू, मोठ्याने नको.

आता डावा कान बोटाने घट्ट बंद करा. ऐका.

आता उजवा बंद करा. ऐका.

मी इथे बसून सांगतो तुम्हाला काय ऐकू आलं. उजव्याला षड्ज आला. डाव्याला तोच षड्ज चढून आला. फुंकणारी तीच, पितळ तेच. खात्री नसेल तर तिला दहा वेळा फुंकायला लावा, ती दमली तरी चालेल, तिने पान दोनशे चौदा टाइप केलंय.

हे तुम्हाला दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर तुम्ही त्याला दाराबाहेर काढलं असतं. मला काढायचं काम तुम्ही आधीच करून ठेवलंय, म्हणून मी सांगू शकतो. तुमचा डावा कान वरच्या सुरांच्या बाबतीत खोटं बोलतो. त्या तालमीत ऑर्गन तुमच्या डाव्या हाताला होता. सकाळी तो बरोबर होता. राजनंदिनीताईंना विचारा. आता विचारलंत तर त्या बोलतील.

आणि हेही लिहितो. मला लाकूड घासता येत होतं. म्हणजे काय ते संपतकाका सांगतील, त्यांना म्हणावं दत्तूने सांगायला परवानगी दिलीय. मी ते केलं नाही. तुम्ही सगळ्यांसमोर बोललात म्हणून मी मुद्दाम पितळ घासलं आणि दुसऱ्या दिवशी तुमचं नाटक पडताना तिसऱ्या रांगेतून बघत बसलो. तेव्हा पान दोनशे चौदा, ओळ नऊ, खोटी नाही. अर्धी आहे. राहू द्या. माझं नाव मात्र घालायला हवं होतं.

तुम्ही रागावाल. रागवा. पण एक गोष्ट लक्षात घ्या. इथे वालजीभाई म्हणून आहेत, त्यांचा कान तुमच्यासारखाच आहे. ते मेणाची गोळी करून खोटा कान बंद करतात आणि उरलेल्या एका कानाने ह्या कारखान्यातल्या सगळ्यांच्या दोन-दोन कानांना लाज आणतात. ह्या बारा रीड्स मी लावल्या आणि शेवटी त्यांच्याकडून तपासून घेतल्या. त्यांनी अकरा ठेवल्या. एक परत करायला लावली. बटाटा म्हणाले नाहीत, पण बघितलं तसंच.

म्हणजे काही संपलेलं नाही. चौदा तारखेला ऑर्गन उजव्या हाताला ठेवा, डाव्या कानात मेण घाला, वर पगडी येणारच आहे, कुणाला दिसणार नाही. आणि कुणी तुमच्यासमोर रीड काढून पाठ फिरवून वाकला तर त्याचा हात धरा.

मी येणार नाही. ताई म्हणाली ये, मी नाही म्हणालो. तुम्ही बोलावलेलं नाही.

पण तुमच्याशी माझं भांडण अजून संपलेलं नाही. आईच्या डब्यांवरून आहे, ‘ठेवले’ ह्या शब्दावरून आहे, नववीवरून आहे. ते मला समोरासमोर भांडायचंय, आणि मी बोलतो ते बरोबर ऐकू येणाऱ्या माणसाशी भांडायचंय. म्हणून चौदा तारखेच्या आधी कानाच्या डॉक्टरकडे जायचं. बहिऱ्यांनी नाही, गवयांनी जायचं. ताई घेऊन जाईल, रिक्षाने. बसने नको, तुम्ही कंडक्टरशी वाद घालता.

त्याचे पैसे पाठवतोय. शुद्धिपत्र छापायचं म्हणून जमवले होते, आता ते छापायचं नाही. तपासणी, औषध, जाण्या-येण्याची रिक्षा, आणि उरले तर पोह्यांचा एक पितळी डबा, आईच्या मापाचा.

ताईच्या खात्यावर आजच टाकले. रुपये तीन हजार पाचशे.